‘साहेब, मराठी काय तुम्ही एकटेच लिहिता?’

दोष गाडीचा नव्हता, हे आधी सांगून टाकतो. ‘जुनी स्पोर्ट्स कार घेतलीस, आता भोग’ असं ऐकवणारे पुष्कळ भेटले, त्यांत माझा सख्खा मेव्हणाही आहे. त्यांना पोर्शे 944 माहीत नाही आणि सौदीतली सनाइया, म्हणजे गॅरेजांची वसाहत, तीही माहीत नाही. गाडीने मला फसवलेलं नाही. माणसाने फसवलं, तेही शुद्ध मराठीत बोलून.

944 निघाली 1982 ते 1991 या काळात. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि दोघांना जोडणारी लांब नळी, त्यामुळे वजन पुढेमागे जवळजवळ सारखं विभागलेलं. इंजिन अडीच लिटरचं, चारच सिलिंडरचं, पण बॅलन्स शाफ्टमुळे थरथर नाही. पत्र्याला जस्ताचा मुलामा. या गाडीचं इंजिन मुळात कणखर आहे; तिला मारतात ते मालक आणि मेकॅनिक. माझी 1986 सालची. ‘पुण्याला नेणार का?’ या प्रश्नाचं उत्तर एकदाच देतो: नाही. स्टिअरिंग डावीकडे आहे, आणि तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आपल्याकडे आणता येत नाही. ती इथेच दुरुस्त करायची, इथेच चालवायची, शुक्रवारी पहाटे बहरीनच्या कॉजवेच्या बाजूला एक फेरी मारायची, एवढाच बेत होता.

मी ती मुद्दाम रियाधहून घेतली. इकडच्या खोबर-दम्ममच्या दमट, खारट हवेत वाढलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्याकडे वळू नका. जस्ताचा मुलामा असला तरी बॅटरीखालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला निघतो आणि त्या भोकातून पाणी थेट पायापाशी येतं. रियाधची हवा कोरडी, पत्रा टिकतो. पण तिथे रबर मरतं. होज, सील, इंजिनची माउंट, दारांच्या पट्ट्या सगळं बोटाने दाबलं की भुगा. 944 ची मागची मोठी काच चौकटीला चिकटवलेली असते. पन्नास अंशांच्या उन्हात तो गोंद सोडतो आणि काच खडखडायला लागते. डॅशबोर्डला भेगा तर असणारच, त्यावरून भाव पाडून मागायला हरकत नाही. जुन्या क्लचच्या तबकडीच्या मध्यभागीही रबर असतं. ते तुटलं की क्लच गेला, आणि 944 चा क्लच बदलायचा म्हणजे मागचा गिअरबॉक्स आणि मधली नळी उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. माझ्या गाडीचं नेमकं तेच झालं होतं, आणि हे मला विकत घेतानाच ठाऊक होतं.

विकणारा म्हणतो ‘टायमिंग बेल्ट नवा आहे’. कागद नसेल तर तो जुनाच आहे असं समजा. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन वाल्व्हवर आदळतात आणि मग नुसता बेल्ट बदलून भागत नाही, हेड उतरवावं लागतं. पाण्याचा पंपही याच बेल्टवर फिरतो, तेव्हा दोन्ही एकदम बदला, बॅलन्स शाफ्टचा बेल्टही. बेल्टचा ताण बोटाने पिळून बघणारा मेकॅनिक दिसला की चावी परत मागून घ्या. तो ताण मोजायचं टूल असतं. मी ते जर्मनीहून मागवलं. त्याआधी इंधनाचे होज बदला. चाळीस वर्षांच्या होजमधून पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकलं तर पुढचं सगळं नियोजन अग्निशमन दलाकडे.

‘मग घरीच का नाही केलंस?’ हेही विचारलं जातं. आमच्या कंपाउंडमध्ये गाडी जॅकवर चढवली तरी सिक्युरिटीवाला येतो. गिअरबॉक्स खाली उतरवायला लिफ्ट लागते. म्हणून सुक्बा भागाच्या बाजूच्या एका वर्शात, म्हणजे गॅरेजात, गेलो. आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या गाड्या तिथेच जातात. तिथला उस्ताद, म्हणजे मुख्य मेकॅनिक, रत्नागिरीकडचा. पहिल्याच भेटीत त्याने चहा मागवला, गावच्या गणपतीच्या गर्दीचं बोलला, माझ्या आईची विचारपूस केली. आणि सहज विचारावं तसं विचारलं, ‘साहेब, तुमचं एक्झिट कधी?’ एक्झिट म्हणजे देश कायमचा सोडून जाणं; इथे हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. मी सांगितलं, प्रोजेक्ट संपतोय, पुढच्या वर्षी.

मी इन्स्पेक्शनमध्ये आहे. आयुष्य वेल्ड तपासण्यात आणि नळ्यांवर नंबर टाकण्यात गेलं. सुटा केलेला प्रत्येक भाग मी पेंट मार्करने खुणावला, फोटो काढले, यादी केली. खुणा देवनागरीत, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या भागांत मिसळणार नाहीत. इंजिनाचे इं, क्लचचे क, हवेच्या बाजूचे ह. बॉशचा एअरफ्लो मीटर होता ह-2. इंजिनाकडे किती हवा चाललीय ते मोजणारा हा डबा. त्याच्याशिवाय गाडी चालत नाही, आणि तो कुठल्याही दुकानात हात घातला की मिळत नाही.

मग सुरू झाल्या तारखा. बुकरा, म्हणजे उद्या. नंतर ‘मशीनवाला आजारी आहे’. नंतर उन्हाळा आला. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12 ते 3 उन्हात काम करायला इथे कायद्याने बंदी आहे आणि ती अगदी योग्य आहे. पण ती उघड्यावरच्या कामाला. याची वर्शा छताखाली, आत दोन डेझर्ट कूलर. तरी ‘साहेब, सरकारी नियम आहे, आम्ही काय करणार?’ हे वाक्य मी पूर्ण उन्हाळा ऐकलं. मध्ये मध्ये ॲडव्हान्स मात्र वेळेवर मागितला जायचा, त्याला कुठलाही ऋतू आड येत नव्हता.

जुबैलला माझा एक मित्र आहे, त्याच्याकडेही 944. एका दुपारी कॅन्टीनमध्ये जेवत असताना त्याचा मेसेज आला: ‘जुन्या सामानाच्या ॲपवर एअरफ्लो मीटर आलाय, रियाधला आहे, 900 रियाल सांगतोय, घेऊ का?’ सोबत फोटो. मी मदत करायची म्हणून फोटो मोठा केला, प्लग तपासला, झाकण तपासलं. झाकणाच्या कडेला पिवळ्या रंगात ह-2 लिहिलेलं. माझा ह. शेपूट थोडं लांब जातं, तसं. खाली सनाइयाची धूळसुद्धा तशीच.

समोर भाताचं ताट होतं आणि माझ्या डोक्यात फक्त तो एक्झिटचा प्रश्न फिरत होता. तुमच्या नावावर गाडी असेल तर तुम्हाला फायनल एक्झिट मिळत नाही. आधी ती दुसऱ्याच्या नावावर गेली पाहिजे. नाव बदलायचं तर इस्तिमारा, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, चालू हवा आणि फहस, म्हणजे गाडीची तपासणी, पास हवं. फहसला न्यायचं तर गाडी चाकांवर चालत जायला हवी. म्हणजे सुटे भाग गायब झालेली गाडी वर्शात पडून असेल, तर जाणारा माणूस शेवटच्या महिन्यात काहीही लिहून देतो, मिळेल त्या किमतीला देतो, वर आभार मानतो. उस्तादाने पहिल्या चहालाच माझी मुदत विचारून घेतली होती.

संध्याकाळी गेलो. फोटो दाखवला नाही, नुसतं विचारलं, एअरफ्लो मीटर कुठाय? ‘साफ करायला दिलाय.’ कुठे? ‘मशीनवाल्याकडे.’ एअरफ्लो मीटर मशीनवाल्याकडे जात नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. मग फोन पुढे केला. त्याने तो हातात घेतला, लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला, परत दिला आणि शांतपणे म्हणाला, ‘साहेब, सौदीत मराठी काय तुम्ही एकटेच लिहिता?’

मागे एक पोरगा पाने पुसत होता. त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. उस्तादाची मान मात्र ताठ. चढा आवाज नाही, शिवी नाही. उलट मलाच समजावलं: ‘गरम होऊ नका. दुसरा बघून ठेवलाय, रियाधलाच आहे. 1,800 लागतील.’ माझाच भाग, दुप्पट किमतीला, मलाच. नोकरीत पुष्कळ ठेकेदार पाहिलेत, कागदावर वेल्ड दाखवणारेही पाहिलेत, पण इतका थंडपणा नव्हता पाहिला. शेवटी जुबैलच्या मित्रानेच तो 900 ला विकत घेतला आणि मी त्याला पैसे दिले. आता तो कपाटात आहे. खूण पुसलेली नाही.

तक्रारीचं ऐका. वाणिज्य मंत्रालयाचा 1900 हा नंबर आहे, तो उचलला जातो, माणसं नीट बोलतात. पण पहिला प्रश्न: बिल? 4 डिसेंबर 2021 पासून इथे इलेक्ट्रॉनिक बिल सक्तीचं झालं आहे, त्यावर क्यूआर कोड असतो. माझ्याकडे होत्या चिठ्ठ्या. मी बिल मागितलं नव्हतं असं नाही. मागितलं की ‘मशीन बंद आहे’, नाहीतर ‘बिल घेतलंत तर 15 टक्के वर जातील, साहेब, तुमच्याच भल्याचं सांगतो’. ते 15 टक्के द्या. हसत द्या. क्यूआर नसलेल्या कागदाला काही किंमत नाही.

दुसरं, वर्शाच्या भिंतीवरचा परवाना वाचा. नाव कुणाचं आहे आणि गल्ल्यावर कोण बसलंय? आमच्या उस्तादाच्या दुकानाचा कागदोपत्री मालक एकदा भेटला. भला माणूस, कहवा आणि खजूर पुढे केले, आणि गाड्यांतलं मला काही कळत नाही म्हणाला. नाव एकाचं, धंदा दुसऱ्याचा, याला इथे तसत्तुर म्हणतात. 2020 च्या कायद्यात त्याला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाख रियालपर्यंत दंड आहे. तरी चालतं. अशा ठिकाणी काही बिनसलं की जबाबदार कुणीच नसतं.

आणखी काही, सुचेल तसं. गाडीचे सुटे भाग वर्शात ठेवूच नका. पत्रा आणि लिफ्टवरचं काम तिथे, बाकी खोकी तुमच्या घरी, बायको ओरडली तरी. पैसे टप्प्याटप्प्याने आणि काम बघून द्या. इस्तिमाऱ्यावरचा चासिस नंबर पत्र्यावरच्या नंबराशी स्वतः जुळवून बघा, विकणाऱ्याला वाचायला सांगू नका. प्रोजेक्ट संपायला वर्ष उरलं असेल तर गाडी उघडू नका. एक्झिटची तारीख वर्शात सांगू नका, विचारली तर दहा वर्षं आहे म्हणा. एसीत जुना गॅस काढून नवा भरला की तो उन्हाळ्यात थोडा कमीच पडतो, त्यावरून मेकॅनिकशी भांडू नका. डीएमई रिले, म्हणजे इंजिन आणि इंधनपंपाला वीज पोचवणारा रिले, दोन घ्या, एक डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. आतला जोड तडकला की गाडी भर हायवेवर बंद पडते आणि लोक उगीच पंप बदलत बसतात. तश्लीहमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या भंगार बाजारात, जायचं तर रियाधच्या हायरला जा, थंडीत जा, सकाळी जा, आणि सोबत अरबी बोलणारा घ्या. संयम ठेवा, असंही लिहायला हवं, सगळे लिहितात. मी ठेवला होता, त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

गाडी शेवटी सत्हावर, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या सपाट ट्रकवर, घालून आणली, अर्धी खोक्यांत. प्रोजेक्टला मुदतवाढ मिळाली, नाहीतर तिला भंगारात काढून नावावरून उतरवायची हीच वाट उरली होती. आता एका मित्राच्या फार्मवर भाड्याच्या लिफ्टखाली काम चाललंय. क्लच बसला, बेल्ट बसले, ताण मी स्वतः मोजला. हरवलेले तीन भाग अजून मिळायचेत: दिव्यांची मोटर, टूलकिटची पिशवी आणि क-7. क-7 वर हिरवी खूण आहे. पूर्वेकडच्या प्रांतात कुणाला दिसला तर कळवा.

बेल्टचा ताण मोजायचं टूल कुणाला हवं असेल तर देईन, भाडं घेत नाही. उस्तादाचं नाव इथे लिहीत नाही. टूल न्यायला याल तेव्हा विचारा.