घारापुरीचा हत्ती

मुंबईहून लाँचीने सुमारे तासाभरात घारापुरीचे बेट येते. येथील पाषाणाच्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले. तो हत्ती १८६४ साली इंग्लंडास नेण्याच्या खटपटीत भंगला. पुढे १९१४ साली त्याचे तुकडे सांधिले. आज तो मुंबईच्या जिजामाता उद्यानात उभा आहे. सुमारे १८ फूट उंचीची महेशमूर्ती मात्र डोंगराच्या कातळातच कोरलेली असल्यामुळे स्वस्थानी राहिली. प्राचीन शिल्प जेथील तेथेच शोभते.

परतीची लाँच कोणासाठी खोळंबत नाही. तेव्हा लेण्यांविषयी आधी वाचूनच जावे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी वेरूळ व अजिंठ्यावर अनुक्रमे १९२९ व १९३२ साली सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केले. आम्हां औंधकरांस हा कित्ता घरचाच आहे. विद्यार्थ्यांनी खांबावर आपले नाव न कोरिता वहीत मूर्तीचे चित्र काढून आणावे.