आजव्यापासून आपल्या नळापर्यंत



पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याने व्यापलेला आहे, हे आपण भूगोलात शिकतो. मग पाण्याची टंचाई का भासते? एकूण पाण्यापैकी सुमारे ९७.५ टक्के पाणी खारट आहे. उरलेल्या गोड्या पाण्यापैकी दोन तृतीयांशाहून अधिक बर्फाच्या रूपात साठलेले आहे, आणि बाकीचे बहुतेक जमिनीखाली आहे. नद्या व तलावांच्या वाट्याला गोड्या पाण्याचा एक टक्काही येत नाही.

आता आपल्या शहराकडे वळू. पूर्वी बडोद्यात विहिरी, तलाव आणि नवलखी वावेसारख्या पायऱ्यांच्या विहिरी हाच आधार होता. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९०-९२ च्या सुमारास आजवा येथे सयाजी सरोवर बांधून घेतले. अभियंता होते जगन्नाथ सदाशिवजी. सरोवर शहरापेक्षा उंचावर असल्याने पाणी उताराने आपोआप शहराकडे येई. १८९१ साली शहराची वस्ती सव्वा लाखाच्या आत होती; २०११ च्या जनगणनेत ती १६ लाखांवर गेली. म्हणून पुढे मही नदीच्या पात्रात फ्रेंच विहिरी बांधाव्या लागल्या. या विहिरीतून वाळूच्या थरात आडव्या जाळीदार नळ्या सोडलेल्या असतात. वाळूतून झिरपताना पाणी पुष्कळसे गाळले जाते.

परंतु पाणी पुष्कळ असणे आणि ते पिण्याजोगे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला महापूर आला. धोक्याची पातळी २५ फूट असताना नदी ३५ फुटांच्या वर गेली. आपल्या समा भागातही पाणी शिरले. चहूकडे पाणी, पण त्यातले घोटभरही पिता येत नव्हते, कारण पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळते. अशा पाण्यातून पटकी, विषमज्वर, कावीळ आणि अतिसार पसरतात. म्हणूनच पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांचा विचार एकत्र करावा लागतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली या दोन्ही गोष्टींना मानवी हक्क म्हणून मान्यता दिली. तरीही २०२२ साली जगातील सुमारे २२० कोटी लोकांना सुरक्षित पिण्याचे पाणी मिळत नव्हते.

आपण काय करू शकतो? थोडे गणित करू. नळातून दर सेकंदाला एक थेंब गळतो आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, असे धरा. दिवसाला सुमारे सव्वाचार लिटर, म्हणजे वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक पाणी वाया जाते.

आता उलट हिशेब. १०० चौरस मीटर गच्चीवर वर्षात ८०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ८०,००० लिटर पाणी मिळते. त्यातले ८० टक्के जरी साठवता किंवा जमिनीत मुरवता आले, तरी ६४,००० लिटर होतात. माणशी रोज १३५ लिटर धरल्यास चौघांच्या कुटुंबाची ही जवळजवळ चार महिन्यांची गरज आहे.

नदीत निर्माल्य आणि प्लॅस्टिक टाकायचे नाही, हा नियमही आपण घरापासून पाळू या. जी नदी आपण घाण करतो, तीच पुरात आपल्या दारी येते.

स्वाध्याय
१. तुमच्या घरी पाणी कोठून येते, ते आजी-आजोबांना व शेजाऱ्यांना विचारून लिहा.
२. आठवडाभर रोज वापरलेल्या बादल्या मोजून तक्ता करा.
३. तुमच्या गच्चीचे क्षेत्रफळ मोजून वरील गणित पुन्हा करा.