मिठागरातील चौकोनी जीव

लोणच्यात सढळ हाताने मीठ घालतात ते लोणचे टिकावे म्हणून. मीठ जंतूंच्या पेशीतील पाणी ओढून घेते आणि त्यांची वाढ खुंटते. या नियमाला काही ठळक अपवाद आहेत. मिठागराच्या ज्या वाफ्यात मिठाचे स्फटिक धरू लागतात, त्यातील पाणी पुष्कळदा तांबूस दिसते. हा रंग मुख्यतः त्या पाण्यात दाटीने राहणाऱ्या लवणप्रेमी सूक्ष्मजीवांचा होय. त्यांपैकी बहुतेक आर्किया या वर्गात मोडतात. पेशीच्या आत पोटॅशियम क्लोराइडचा साठा करून ते बाहेरच्या खारटपणाशी तोल राखतात. गोड्या पाण्यात टाकल्यास त्यांतील अनेकांच्या पेशी फुटून जातात.

1980 साली अँथनी वॉल्सबी या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी सिनाई द्वीपकल्पातील एका खाऱ्या डबक्याचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. सूक्ष्मजीव म्हटला की तो गोल, दंडाकार किंवा मळसूत्री असावयाचा. येथे तर पापुद्र्यासारखे पातळ, सरळ कडांचे चौकोन तरंगत होते! काही पेशी फाडून न घेतलेल्या टपालतिकिटांप्रमाणे एकमेकींना जोडलेल्या होत्या. दुसऱ्या कोणी ते स्फटिकाचे तुकडे समजून बाजूस सारले असते तर नवल नव्हते. परंतु वॉल्सबी हे सूक्ष्मजीवांच्या वायुपुटिकांचे अभ्यासक होते, आणि त्या चौकोनांत त्यांना वायुपुटिका दिसल्या. निर्जीव स्फटिकात त्या असण्याचे कारण नव्हते.

शोध लागला, तरी जीव हाती आला नाही. प्रयोगशाळेत त्याचे शुद्ध संवर्धन करणे पुढे चोवीस वर्षे कोणास साधले नाही. ही अडचण केवळ सोयीची नव्हती. जिवंत संवर्धनावाचून त्या जीवाला शास्त्रमान्य नाव देता येत नव्हते, आणि त्याच्या पोषणाचा किंवा वाढीचा सुटा अभ्यासही करता येत नव्हता.

मधल्या काळात स्पेनमधील सांता पोला येथील मिठागरांच्या पाण्यात संशोधकांना एक अनोळखी जनुकक्रम वारंवार आढळू लागला. तो कोणाचा, हे कळेना. एकीकडे आकार होता पण जनुक नव्हते. दुसरीकडे जनुक होते पण आकार नव्हता. हे दोन धागे 1999 मध्ये जुळले. आलिकान्तेच्या संशोधकांनी ब्रेमेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या सहकार्याने त्या जनुकक्रमाशीच जुळणारा चकाकता रेणू तयार करून नमुन्यात सोडला, तेव्हा उजळून निघाले ते चौकोन. म्हणजे जगाने ज्याला दुर्मीळ नवल मानले, तो या वाफ्यांतील सर्वांत विपुल रहिवाशांपैकी एक होता.

पुढे 2004 साली दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याचे संवर्धन साधले. नेदरलँड्समधील हेंक बोल्हाउस यांच्या गटाने स्पेनच्या मिठागरातून, तर मेलबर्न येथील माइक डायल-स्मिथ यांच्या गटाने ऑस्ट्रेलियाच्या मिठागरातून. युक्ती म्हणावी तर ती साधीच होती: अन्न अगदी बेताचे द्यावयाचे आणि कित्येक आठवडे वाट पाहावयाची. पोषक द्रावणाची चंगळ केली की भराभर वाढणारे इतर जीवच पुढे जातात.

येथे प्राधान्याचा वाद उभा राहणे सहज शक्य होते. विज्ञानाच्या इतिहासात याहून क्षुल्लक कारणांवरून वैरे झाली आहेत. तसे घडले नाही. 2007 साली दोन्ही गटांनी जपान व स्पेन येथील सहकाऱ्यांसह एकच संयुक्त वर्णन प्रसिद्ध केले आणि जीवाचे नाव ठेवले हॅलोक्वाड्राटम वॉल्सबी. या नावात मीठ आहे, चौकोन आहे आणि प्रथम पाहणाराही आहे. पृथ्वीच्या दोन टोकांवरील या दोन वाणांच्या, वर्गीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकात अवघ्या दोन अक्षरांचा फरक निघाला. ही गोष्ट दोन नमुने शेजारी ठेवल्याशिवाय उमगली नसती.

नमुने शेजारी ठेवता यावेत यासाठी नियमही आहे. 2001 पासून नव्या जातीचा आदर्श वाण निदान दोन देशांतील दोन संग्रहांत जमा करावा लागतो. चौकोनी जीवाचा आदर्श वाण जपान व जर्मनी येथे ठेवलेला आहे. एका प्रयोगशाळेतील शीतकपाट बिघडले तरी तो नष्ट होणार नाही. याच्या जोडीला डायल-स्मिथ यांनी लवणप्रेमी आर्कियांच्या संवर्धनाच्या कृती एका हस्तपुस्तिकेत संकलित करून ती सर्वांस विनामूल्य उपलब्ध केली. द्रावणात कोणते क्षार किती घ्यावयाचे, येथपर्यंतचा तपशील तीत आहे. नवख्या अभ्यासकाची वर्षे अशा तपशिलावाचून वाया जातात.

भारतातही पुण्यात व चंडीगढ येथे सूक्ष्मजीवांचे संग्रह आहेत, आणि तपासण्याजोगे पाणीही येथे कमी नाही. जून 2020 मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून लवणप्रेमी आर्किया हे त्याचे कारण सांगितले. लोणारचे पाणी खारट असून तीव्र अल्कलीयुक्तही आहे. चौकोनी जीव मात्र उदासीन पाण्यात उत्तम वाढतो. तेव्हा लोणारच्या आर्कियांचे सोयरे शोधावयाचे तर सांता पोलाच्या वाफ्यांपेक्षा राजस्थानातील सांभर किंवा केनियातील मागाडी यांसारख्या अल्कलीयुक्त सरोवरांच्या अभ्यासकांशी नमुन्यांची देवघेव करावी लागेल.