समुद्रशैवल आणि पोटातील जंत

गोल जंत मुलाच्या लहान आतड्यात राहतो व त्याच्या अन्नावर आपला निर्वाह करतो. असे मूल अशक्त राहते व अभ्यासात मागे पडते. या जंतावर समुद्राने दिलेल्या एका औषधाची हकीकत शिक्षकांनी जाणून घेण्याजोगी आहे.

जपानच्या दक्षिणेकडील उष्ण समुद्रात ‘माकुरी’ नावाचे तांबड्या वर्गातील शैवल वाढते. जंतांवर त्याचा काढा देण्याची तेथे जुनी रीत होती. १९५३ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्यातून ‘कायनिक आम्ल’ वेगळे काढले. हे द्रव्य जंताच्या मज्जातंतूंना अतिशय उत्तेजित करते. त्यामुळे आतड्यात जागा धरून राहण्याची त्याची शक्ती नाहीशी होते व तो मलावाटे बाहेर पडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील शाळांतून मुलांना हा काढा पाजीत असत.

परंतु केवळ औषधाने काम भागत नव्हते. मैल्याचे खत भाजीच्या शेतांना घातले जाई. मलातील अंडी मातीत काही आठवड्यांत पक्व होत व भाजीबरोबर पुन्हा पोटात जात. मलतपासणी, औषध व स्वच्छता या तिन्हींची जोड मिळाली, तेव्हाच तेथील जंत हटले.

जे नैसर्गिक ते निरुपद्रवी, असे मात्र समजू नये. जपानातील दुसऱ्या एका शैवलात कायनिक आम्लाच्याच जातीचे ‘डोमोइक आम्ल’ आढळले. १९८७ साली कॅनडात हेच द्रव्य असलेले शिंपले खाल्ल्याने शंभरांहून अधिक लोकांना विषबाधा झाली व काही दगावले. म्हणून कोणत्याही वनस्पतीचा काढा स्वतःच्या विचाराने मुलांस देऊ नये, हे पालकांस समजावून सांगावे.

आपल्या देशात २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळण्यात येतो. त्या दिवशी शाळेत अल्बेंडेझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात. ती शिक्षकांनी आपल्या समक्ष चावून खावयास लावावी. आजारी मुलास त्या दिवशी देऊ नये. गोळीबरोबरच शौचालयाचा वापर, साबणाने हात धुणे, नखे कापणे, पायांत चप्पल घालणे व भाजी धुऊन घेणे या सवयी लावाव्यात.

वर्गात विचारावयाचे प्रश्न :
१. औषध घेऊनही जंत पुन्हा का होतात?
२. अंड्याचा शेतापासून पोटापर्यंतचा प्रवास फळ्यावर काढा. तो कोठे कोठे तोडता येईल?