पहाटे चारला की उजाडताना?

प्रश्न : अकोल्यात आम्ही सहा-सात जण कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर धावतो. कोणाला स्पर्धा जिंकायची नाही, तब्येत बरी राहावी आणि सकाळ चांगली जावी एवढंच. पण एप्रिल लागला की आमच्यात वाद सुरू होतो. दोघं-तिघं पहाटे चारलाच निघतात. जितकं लवकर तितकं थंड, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे म्हणतात, झोप कशाला मोडायची, संध्याकाळी सातला धावू. कोणाचं खरं? आणि रविवारी हायवेने लांब जायचं असेल तर डाव्या बाजूने धावावं की उजव्या?
— एक वाचक, अकोला

उत्तर : चारला निघणाऱ्या मंडळींना आधी सांगतो, कारण त्यांची मेहनत जास्त आहे. पहाटे चारची हवा सगळ्यांत थंड नसते.

दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की उष्णता सोडू लागते आणि नवं ऊन मिळेपर्यंत सोडतच राहते. त्यामुळे आभाळ निरभ्र असेल तर चोवीस तासांतलं सर्वांत कमी तापमान मध्यरात्रीही नसतं आणि चारलाही नसतं, ते सूर्योदयाच्या आसपास असतं. मेच्या अखेरीस अकोल्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. त्याआधी वीस-पंचवीस मिनिटं चांगलं फटफटलेलं असतं, समोरचा खड्डा दिसतो, कुत्रं दिसतं, माणसाचा चेहरा ओळखू येतो. म्हणजे चारला धावणारा सव्वापाचला धावणाऱ्यापेक्षा किंचित गरम हवेत धावतो, आणि तेही अंधारात. एक तासाची झोप जाते ती वेगळीच.

संध्याकाळचा पक्ष त्याहून कच्चा आहे. आपल्याकडे पारा दुपारी तीन-चारच्या सुमारास शिखर गाठतो आणि मग फार सावकाश उतरतो. दुपारी ४५ पाहिलेला पारा सातलाही चाळिशीच्या आसपास रेंगाळत असतो. रस्त्याचं तर विचारूच नका. काळं डांबर भर उन्हात ६० अंशांपुढे जातं. सूर्य मावळल्यावर खाली वाकून त्यावर तळहात टेकवून पाहा. हवेत झुळूक आलेली असली तरी रस्ता अजून गरम असतो आणि ती धग पोटऱ्यांपासून वर चढत जाते. पहाटेपर्यंत तोच रस्ता निवलेला असतो.

मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्यात उष्णतेमुळे कलम १४४ लागू झालं होतं, हे तुमच्या लक्षात असेल. पारा ४५ च्या वर होता. खासगी शिकवण्या सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर घ्याव्यात, असं तेव्हा सांगितलं गेलं. ती वेळ पंख्याखाली बसणाऱ्या मुलांसाठी ठीक होती. धावणाऱ्यासाठी नाही. धावताना आपण जी ऊर्जा खर्च करतो तिचा जेमतेम पाव हिस्सा पाय पुढे टाकायच्या कामी येतो, उरलेली सगळी उष्णता होऊन शरीरात साठते आणि ती घामावाटे बाहेर टाकावी लागते. बाहेर ऊन आणि आत ही उष्णता, असा दुहेरी भार असतो. म्हणून उन्हाळ्यात सव्वापाच ते साडेसहा हीच आपली वेळ, आणि फार तर सातला घरात. रविवारचं वीस किलोमीटर या वेळेत बसत नसेल तर एप्रिल-मेमध्ये ते बारावर आणा. वर्षभर कमावलेला दम दोन महिन्यांत कुठे जात नाही.

हा हिशेब पटला तर पुढचा आपोआप पटेल. धावायची वेळ घड्याळाला बांधू नका, सूर्योदयाला बांधा. जानेवारीत अकोल्यात सूर्य सातला दोन-चार मिनिटं कमी असताना उगवतो, मेपेक्षा सव्वा तास उशिरा. (अमरावती पूर्वेला असल्यामुळे तिथे तो तीनेक मिनिटं आधी दिसतो.) तरीही बहुतेक गट बारा महिने पाचचाच नेम धरून बसतात. हिवाळ्यात पाचला काय मिळतं? गच्च अंधार, आणि धूर. थंडीत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि तिथेच थबकते. रस्त्याकडेला पेटवलेला कचरा, शेकोट्या, शेतातली जळती पऱ्हाटी, सगळ्याचा धूर त्या थराखाली अडकून राहतो. ऊन चढलं, हवा हलली की तो विरतो. दीर्घ श्वास घेत तासभर धावायचं तर या धुरात का धावायचं? डिसेंबर-जानेवारीत सातला निघा, कोवळ्या उन्हात धावा. नोकरीमुळे ते जमत नसेल तर हिवाळ्यातली संध्याकाळ उत्तम आहे. जो नियम मेमध्ये संध्याकाळच्या विरुद्ध जातो तोच जानेवारीत तिच्या बाजूने उभा राहतो.

पावसाळ्याचं एक लक्षात ठेवा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की पारा सात-आठ अंशांनी उतरतो आणि आपण खुशीत वेग वाढवतो. पण मेची हवा कोरडी होती, घाम अंगावर टिकतच नव्हता, उडून जाताना अंग गार करत होता. टी-शर्टवर उमटलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या मागे राहत होत्या. जूनच्या दमट हवेत घाम निथळतो पण उडत नाही, म्हणून अंग गार होत नाही. पहिले दहा-बारा दिवस वेग मुद्दाम कमी ठेवा, शरीर तेवढ्यात सवय करून घेतं. आणि पावसाळ्यात पांदण रस्त्याचा मोह सोडा. रेगडी माती बुटाच्या तळाला थरावर थर चिकटते, चार पावलांत पाय जड होतो आणि घोटा वळतो. उन्हाळ्यात त्याच मातीला पडलेल्या भेगांत पाऊल जातं. पांदण रस्ते दिवाळीनंतरचे.

आता हायवे. अमरावती ते अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ आपल्या भागाचा अभिमानाचा रस्ता आहे. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरची एक सलग लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून पूर्ण झाली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता इतका सरळ आणि गुळगुळीत की धावणाऱ्याला भुरळ पडणारच. पण जो गुळगुळीतपणा आपल्या पायांना आवडतो तोच चालकाच्या पायालाही आवडतो. चौपदरी महामार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. आपण ८० धरू. त्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर येते. दिवे डिपरवर असतील तर गडद कपड्यातला माणूस चालकाला तीसेक मीटरवर आल्यावरच दिसतो. म्हणजे दीड सेकंद. माणूस आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत त्यातला एक सेकंद संपलेला असतो. रिफ्लेक्टरचा पट्टा असलेलं जॅकेट घातलं तर तोच माणूस शंभर मीटरच्या पलीकडून चमकतो. बूट कितीही महागाचे असोत, अंधारात रस्त्यावर उतरायचं असेल तर पहिले पैसे या जॅकेटवर खर्च करा. ते बुटांच्या मानाने अगदी स्वस्त मिळतं. पट्टा पोटरीवर किंवा घोट्यावरही असू द्या. हलणारी चमक पाहिली की हा माणूस आहे, किलोमीटरचा दगड नव्हे, हे चालकाला लगेच कळतं.

बाजू उजवी. आपल्याकडे वाहनं डावीकडून जातात, म्हणून उजव्या कडेने धावलं की जवळची वाहनं समोरून येतात आणि आपण त्यांच्याकडे पाहून बाजूला होऊ शकतो. डावीकडून धावलं की मृत्यू पाठीमागून येतो आणि कानाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दुभाजक असलेल्या रस्त्यावर घोटाळा होतो. तिथे उजवी कड म्हणजे दुभाजकाची कड नव्हे. रस्ता ओलांडून समोरच्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला जायचं, डांबराच्या पांढऱ्या रेषेच्याही बाहेर. तिथेही उलट दिशेने येणारी एखादी मोटारसायकल पाठीमागून येऊ शकते, म्हणून कान मोकळे हवेत. विद्यापीठाच्या आत गाणी ऐका, खुशाल ऐका. रस्त्यावर इअरफोन नको, एका कानातही नको. आवाज कोणत्या बाजूने येतोय हे दोन कानांनीच कळतं. चिखलदऱ्याच्या घाटात धावायला जात असाल तर उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणावर तेवढ्यापुरती बाजू बदला, कारण डोंगराला चिकटून वळणाऱ्या गाडीला तुम्ही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या पहाटे रस्त्यावर असतात. दोन्ही बाजूंनी फुगलेला माल गाडीच्या रुंदीबाहेर येतो आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो. त्या दिवसांत हायवे सोडाच.

यावर अकोल्यात कोणीतरी नक्की म्हणेल, श्रावणात आम्ही रात्रभर रस्त्यावरच असतो की. खरं आहे. शेवटच्या श्रावण सोमवारच्या आदल्या रात्री गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून हजारो माणसं अठराएक किलोमीटर अनवाणी राजराजेश्वराकडे येतात. पण त्या रात्री वाहतूक वळवलेली असते, पोलीस असतात, जागोजागी पाणी आणि औषध घेऊन लोक उभे असतात. रस्ता त्या एका रात्री माणसांच्या ताब्यात असतो. बाकीच्या रात्री तो ट्रकांचा आहे.

शेवटी पाण्याबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या गटात कोणी ना कोणी मेमध्ये चक्कर येऊन बसेलच. धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. ते दोन-तीन तासांत हळूहळू भरून काढा. ताक, पन्हं, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी चांगलं. नुसतं साधं पाणी ढसाढसा पिऊन रक्तातलं मीठ उतरवू नका. चक्कर, मळमळ, गोळे आले की थांबायचं आणि सावलीत जायचं. पण सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, पाय वाकडेतिकडे पडायला लागले, तर तो उष्माघात समजा. त्याच्या अंगावर लगेच पाणी ओता, ओला टॉवेल मान, काखा आणि जांघांवर ठेवा, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. गाडी येईपर्यंत अंग गार करणं थांबवायचं नाही. जीव त्यावरच वाचतो.

प्रश्न : मी अमरावतीत राहते. वडाळी आणि छत्री तलावाच्या बाजूला धावायला मला फार आवडतं, पण बिबट्या दिसल्याच्या बातम्या येत असतात. घरचे जाऊ देत नाहीत. त्यांची भीती अनाठायी आहे का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : अनाठायी नाही, पण धावणं बंद करण्याइतकीही नाही. पोहरा-मालखेडचं जंगल शहराला येऊन टेकलेलं आहे. वडाळी आणि अमरावती विद्यापीठाच्या परिसरात बिबट्या येतो तो मुख्यतः भटक्या कुत्र्यांसाठी आणि डुकरांसाठी, आणि येतो अंधारात. म्हणून इथेही उत्तर तेच, उजाडल्यावर जा. ऊन पडलेलं असेल, दोघी-तिघी बरोबर असतील, कान मोकळे असतील तर धोका फार कमी होतो. झुडपांच्या कडेला खाली वाकून लेस बांधत बसू नका. वाकलेला माणूस त्या जनावराला लहान दिसतो. समोर दिसलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका. हात वर करून मोठ्या दिसा, मोठ्याने बोला आणि पावलं मागे घेत निघा. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

अंधारातच धावावं लागणार असेल तर शहरातलं मैदान बरं. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या गावात आहे, ज्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायाम आणि खेळ जगाला करून दाखवले, त्या अमरावतीत मैदानावर घाम गाळणाऱ्या बाईकडे कोणी वळून पाहायचं कारण नाही. कोणी पाहिलं, छेडलं, तर ती तक्रार त्या माणसाविरुद्ध व्हावी. तुमचं धावणं त्यासाठी थांबू नये. घरच्यांना ठरलेला मार्ग आणि परतायची वेळ सांगून जा, फोनवर लोकेशन चालू ठेवा.

आणि खरं तर बिबट्यापेक्षा कुत्र्याची काळजी जास्त घ्या. कुत्रं मागे लागलं की धावणं थांबवून उभं राहायचं, डोळ्याला डोळा न देता सावकाश चालत निघायचं. चावलं किंवा दात नुसता घासला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही लावू नका.