लाइन आली, सर्व्हर गेला

सिंदी मेघेत वादळी पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेला फोन येतो. "भाऊ, रात्री लाइन गेली होती, आता सर्व्हर दिसत नाही. हार्ड डिस्क उडाली वाटते." वर्ध्याला चिकटलेल्या या गावात फ्लेक्सवाले, लग्नाचे व्हिडिओवाले, करसल्लागार जुन्या डेस्कटॉपलाच फाइल सर्व्हर करून सगळं काम त्यावर ठेवतात. अशा दुकानांचे संगणक मी पाहतो. या तक्रारीत डिस्क क्वचितच गेलेली असते. बदललेला असतो आयपी पत्ता.

राउटर डीएचसीपीने जो पत्ता देतो तो मुदतीपुरता असतो. लाइन आली की सगळी यंत्रं एकदम जागी होतात, आणि कोणाला काय दिलं होतं हे बऱ्याच स्वस्त राउटरच्या लक्षात राहत नाही. काल सर्व्हरकडे असलेला १९२.१६८.१.५ आज कोणाच्या मोबाइलला मिळतो. बाकीचे संगणक मात्र फाइली तिथेच शोधत राहतात.

मग कोणीतरी सर्व्हरवर तोच पत्ता पक्का टाकून देतो. हे अर्धवट काम जास्त छळतं. एका फोटो स्टुडिओत आधीच्या माणसाने असंच केलेलं होतं, पण राउटर २ पासून २५४ पर्यंतचे सगळे पत्ते वाटतच होता. सकाळी सगळं सुरळीत. दुपारी गिऱ्हाइकांचे फोन वायफायला जोडले गेले की मोठ्या फाइलची कॉपी मधेच तुटायची. मालकाने केबल बदलली, स्विच बदलला, नवी डिस्कही आणली. निदान तर फुकटचं होतं: सर्व्हरची केबल काढायची आणि दुसऱ्या संगणकावरून त्याच पत्त्याला पिंग करायचं. उत्तर आलं म्हणजे तिथे दुसरंच कोणी बसलंय. (काही फोन पिंगला दाद देत नाहीत, म्हणून राउटरमधली जोडलेल्या यंत्रांची यादीही बघावी.)

मी राउटरची वाटप-हद्द १०० ते १९९ करतो आणि सर्व्हरला तिच्या बाहेरचा पत्ता देतो, समजा १०. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता. राउटरमध्येच मॅक पत्त्यावरून आरक्षण करता येतं, तेही चालतं. फक्त फायबरवाल्याने राउटर बदलला की आरक्षण पुसलं जातं, आणि कधीकधी १९२.१६८.१ चं १९२.१६८.० होतं, मग पक्का टाकलेला पत्ताही निकामी. म्हणून हे आकडे कागदावर लिहून सर्व्हरच्या डब्यावर चिकटवा. पासवर्ड मात्र तिथे नको.

पत्ता बरोबर असूनही फ्लेक्स मशीनला जोडलेला विंडोज एक्सपीचा संगणक सर्व्हरशी बोलत नाही, म्हणून सर्व्हरवर एसएमबी १ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धत चालू करून देणारे आजही भेटतात. याला माझा सक्त विरोध आहे. त्यातल्याच दोषातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करणारं रॅन्समवेअर पसरलं. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तीच वाट वापरली आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. त्या एक्सपीच्या संगणकाला तपासलेल्या पेन ड्राइव्हने फाइल द्या. नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर सर्व्हर उघडला नाही, तर बहुधा पासवर्डविना गेस्ट प्रवेश अडलेला असतो. सर्व्हरवर प्रत्येकाचं खातं आणि पासवर्ड करा. लॅपटॉपचं संरक्षण कमी करू नका. घरून फाइली हव्यात म्हणून राउटरवर पोर्ट ४४५ उघडणं तर कधीच नाही, त्यासाठी व्हीपीएन आहे.

स्टुडिओवाल्याने आणलेली डिस्क आता बॅकअपला लागली. कॉपी झाली की तो ती काढून कपाटात ठेवतो, कारण कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर सर्व्हरबरोबरच कुलूपबंद करतं.