निखाऱ्यावरील पदार्थ आणि अॅल्युमिनिअम फॉइल : वापर व दक्षता

ज्वारी हुरड्यावर आली की शेतावर पाहुण्यांची वर्दळ वाढते. कृषी पर्यटनाचा जोडधंदा करणारे अनेक शेतकरी हुरड्याबरोबर शेगडीच्या जाळीवर बटाटे, रताळी, पनीर, मासे, कोंबडी असे पदार्थ भाजून देतात. त्यासाठी अॅल्युमिनिअमची फॉइल सर्रास वापरली जाते. ही फॉइल आरोग्यास घातक आहे काय, अशी शंका अनेकांच्या मनात असते. फॉइलमध्ये काय गुंडाळले, ते किती तापविले आणि शिजल्यावर किती वेळ तसेच ठेवले, या तीन गोष्टींवर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

धातू अन्नात कसा उतरतो?

अॅल्युमिनिअमवर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो व तो धातूचे रक्षण करतो. आम्ल, खारा सोडा आणि मीठ यांमुळे हा थर विरघळतो किंवा त्यास छिद्रे पडतात. उष्णतेने ही क्रिया वाढते. जर्मनच्या पातेल्यात चिंच, आमसूल किंवा ताक घातलेला पदार्थ का ठेवू नये, याचे कारणही हेच आहे. लिंबू, दही व मीठ लावून मुरविलेली कोंबडी किंवा मासे फॉइलमध्ये भाजणे म्हणजे या सर्व गोष्टी एकत्र आणणे होय. साधा बटाटा, कणीस किंवा रताळे यांत मात्र धातू फारच थोडा उतरतो.

किती प्रमाण चालते?

जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ साली शरीराच्या दर किलो वजनास आठवड्याला २ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविली. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास १२० मिलिग्रॅम, तर १५ किलो वजनाच्या मुलास केवळ ३० मिलिग्रॅम. यात सर्व प्रकारच्या अन्नातून येणारे अॅल्युमिनिअम धरले आहे. निरोगी माणसाच्या आतड्यातून यापैकी अत्यल्प भाग रक्तात जातो व तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. त्यामुळे वर्षातून चार वेळा फॉइलमधील पदार्थ खाल्ल्याने घाबरण्याचे कारण नाही. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्यांच्या शरीरात मात्र हा धातू साठतो. त्यांनी व लहान मुलांनी अधिक जपावे. फॉइलमुळे स्मृतिभ्रंश होतो असे बोलले जाते, परंतु ते सिद्ध झालेले नाही.

खरा धोका : गुंडाळून ठेवलेला बटाटा

धातूपेक्षा मोठा धोका शिळ्या बटाट्यात आहे. बोटुलिनम जिवाणूचे बीजाणू मातीत असतात व बटाट्याच्या सालीला चिकटतात. साध्या भाजण्याने ते मरत नाहीत. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलेल्या बटाट्याला हवा मिळत नाही, ओलावा मात्र टिकतो. असा बटाटा बाहेर तसाच ठेवल्यास बीजाणू वाढून अत्यंत जहाल विष तयार करतात. वास किंवा चवीवरून ते ओळखता येईलच असे नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात एल पासो येथे १९९४ साली भाजलेले बटाटे फॉइलसह बाहेर ठेवून नंतर त्यांची चटणी करण्यात आली. ती खाऊन ३० जणांना विषबाधा झाली.

अंधुक किंवा दुहेरी दिसणे, पापण्या जड होणे, गिळताना व बोलताना त्रास होणे ही या विषबाधेची लक्षणे आहेत. ती दिसताच घरगुती उपचारात वेळ न घालविता रुग्णास ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे.

कोणती काळजी घ्यावी?

१) आंबट व खारट पदार्थ स्टीलच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात मुरवावेत; फॉइलमध्ये मुरवू नयेत.

२) असे पदार्थ भाजायचे असल्यास आधी केळीच्या किंवा हळदीच्या पानात गुंडाळावेत व त्यावर फॉइल लावावी. मीठ व लिंबू भाजून झाल्यावर घालावे.

३) पुडी धगधगत्या निखाऱ्यात खुपसू नये. अॅल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वारा घातलेले निखारे त्याहून अधिक तापतात. पुडी जाळीवर ठेवावी.

४) फॉइलची चकचकीत व मंद बाजू यांत फरक नाही, कोणतीही बाजू आत ठेवावी.

५) बटाटे गरम असतानाच वाढावेत. उरल्यास फॉइल काढून लगेच फ्रिजमध्ये ठेवावेत. रात्रभर बाहेर राहिलेले बटाटे पुन्हा गरम करून न खाता टाकून द्यावेत.

६) चंदेरी दिसणाऱ्या कागदी ताटल्या व द्रोणांवर बहुधा प्लॅस्टिकचा थर असतो. ते शेगडीवर ठेवू नयेत.

७) वापरलेली फॉइल शेतात किंवा गोठ्याजवळ टाकू नये. अन्नाच्या वासाने जनावरे ती खातात.

फॉइलचा एक फायदाही आहे. मांसातील चरबी निखाऱ्यावर ठिबकून जो धूर होतो, त्यात कर्करोगास कारणीभूत ठरणारे घटक असतात. फॉइलमुळे चरबी निखाऱ्यावर पडत नाही. तथापि, हे काम पानेही बऱ्याच अंशी करतात. रायगड जिल्ह्यात पोपटी लावताना मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा शिजवितात. तेथे फॉइलची गरजच पडत नाही. आपल्या बांधावर केळी व हळद असेल, तर पाहुण्यांसाठीही पानांचाच वापर करावा. त्यामुळे खर्च वाचेल आणि पदार्थाला चवही येईल.